दूरवर पोहोचणारा आवाज

(शाहीर अमर शेख हे महाराष्ट्राचे नामवंत लोकशाहीर. गरीब घरात जन्मलेल्या या माणसाने आपला आवाज कष्टकऱ्यांसाठी वापरला. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाची ओळख करून दिली आहे. आवाज लोकांपर्यंत कसा पोहोचतो आणि माईक कोठे ठेवावा, हेही या पाठात सांगितले आहे.)

मुंबईत लोअर परळ स्टेशनाजवळून एक मोठा रस्ता जातो. सरकारी कागदांत त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग असे आहे. जुनी माणसे मात्र त्याला अजून डिलाईल रोड असेच म्हणतात. ना. म. जोशी हे कामगारांचे पुढारी होते. त्यांचे नाव या रस्त्याला शोभून दिसते, कारण हा भाग गिरणी कामगारांचा होता. चहूकडे कापडगिरण्यांची उंच धुराडी दिसत. पहाटे भोंगा वाजला की चाळी जाग्या होत. येथे सरकारने १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळी होत्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि त्या एका खोलीत कितीतरी माणसे राहत.

गिरणीत मागांचा खडखडाट इतका असे, की शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावे लागे. तेथे कामगाराचा आवाज कोणालाच ऐकू येत नसे. संध्याकाळी मात्र चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत कधी कधी डफ वाजू लागे. बायका-माणसे गॅलरीत येऊन उभी राहत. मुले जमिनीवर फतकल मारून बसत. कलापथकाचा कार्यक्रम सुरू होई. त्या कलापथकात एक धिप्पाड आवाजाचा शाहीर होता. त्याने तान घेतली की ती वरच्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू जाई. तो शाहीर म्हणजे अमर शेख.

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरची परिस्थिती अतिशय गरिबीची होती. त्यांच्या आईचे नाव मुनेरबी. त्या काळी खेड्यापाड्यांतील बायका पहाटे जात्यावर दळण दळताना ओव्या म्हणत. अशा लोकगीतांचा वारसा मेहबूबला आईकडून मिळाला. घर मुसलमानाचे, पण गाणी मराठी मातीतली. पुढे त्यांनी आपले पोवाडे, गीते आणि कविता याच मराठी भाषेत लिहिल्या.

शाहीर हा शब्दही पाहण्यासारखा आहे. उर्दूत कवीला शायर म्हणतात. तोच शब्द महाराष्ट्रात आला आणि शाहीर झाला. शायर मुशायऱ्यात शेर ऐकवतो, तर शाहीर उघड्या मैदानात डफावर थाप मारून पोवाडा गातो. शब्द एकच, पण मराठी मुलखात येऊन त्याने निराळा पोशाख केला.

पोटासाठी मेहबूबला लहान वयातच काम करावे लागले. तो मोटारगाडीवर क्लीनर होता. नंतर त्याने गिरणीत मजुरी केली. गाडी धुणारा, गिरणीत राबणारा हा मुलगा गरिबांची दुःखे पुस्तकात वाचून शिकला नाही; ती त्याने स्वतः भोगली. कामगारांच्या लढ्यात तो पुढे झाला. त्यामुळे त्याला तुरुंगात जावे लागले. विसापूरच्या तुरुंगात त्याची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली. त्यांच्या विचारांचा त्याच्या मनावर खोल परिणाम झाला. कष्ट करणाऱ्याला त्याच्या कष्टाचे फळ मिळाले पाहिजे, हा विचार त्याने कायमचा स्वीकारला.

तुरुंगातून सुटल्यावर तो कोल्हापूरला गेला. तेथे मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत त्याने काही काळ काम केले. याच काळात त्याला अमर शेख हे नाव मिळाले. बार्शीचा मेहबूब पटेल आता अमर शेख झाला आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना याच नावाने ओळखले.

नंतर अमर शेख मुंबईत आले. येथे त्यांना दोन जिवाभावाचे सोबती मिळाले. एक वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि दुसरे द. ना. गवाणकर. या तिघांनी १९४४ च्या सुमारास लालबावटा कलापथक उभे केले. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी हा सारा गिरणगाव म्हणजे त्यांचे रंगमंदिर होते. तिकीट नाही, पडदा नाही, खुर्च्या नाहीत. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि झांज एवढेच साहित्य. पोवाडा, लावणी, वग यांतून ते कामगारांचे जीवन कामगारांपुढे मांडत. काही काळ सरकारने या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदीही घातली. तरीही शाहिरांचे गाणे थांबले नाही.

अमर शेख यांचा आवाज पहाडी होता. माईक नसला तरी तो दूरवर पोहोचतो, अशी त्यांची ख्याती होती. ही काही लहान गोष्ट नव्हती. त्या काळी कर्णे लावायचे तर भाडे द्यावे लागे, विजेची सोय पाहावी लागे आणि पोलिसांचा परवानाही घ्यावा लागे. गरीब कामगारांच्या सभेला हे सारे प्रत्येक वेळी कोठून जमणार? अशा ठिकाणी ज्याचा गळा हाच कर्णा आहे, असा शाहीर म्हणजे मोठाच आधार.

पण उघड्या मैदानात आवाज लवकर विरतो. याचे कारण सोपे आहे. तळ्यात खडा टाकला की लाटा पसरत जातात आणि पसरताना लहान होत जातात. आवाजाचेही तसेच आहे. बोलणाऱ्यापासून ऐकणारा जितका दूर, तितका आवाज क्षीण. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचे बळ अर्धे नव्हे, चौथा हिस्सा उरते. अंतर तिप्पट झाले की नववा हिस्सा. म्हणून शंभर माणसांपुढे गाणारा गळा लाख माणसांना पुरत नाही, मग तो कितीही मोठा असो.

अशा वेळी माईकची मदत घ्यावी लागते. माईकच्या आत एक पातळ पडदा असतो. आपण बोललो की हवा थरथरते आणि तिच्याबरोबर हा पडदाही थरथरतो. त्या थरथरण्यापासून विजेचा क्षीण प्रवाह तयार होतो. यंत्र तो प्रवाह मोठा करते आणि कर्ण्यातून पुन्हा आवाज बाहेर पडतो. आपल्या देशात मोठ्या सभांना माईक आणि कर्णे पुरवण्याचे काम मुंबईच्या शिकागो रेडिओ या कंपनीने १९३० नंतरच्या काळात केले. तिचे चालक नानिक मोटवाने होते. महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत माईकवर या कंपनीचे नाव अनेकदा दिसते. नाव शिकागोचे, पण काम मुंबईचे!

स्वातंत्र्यानंतर मराठी भाषकांनी आपल्या राज्यासाठी मोठी चळवळ केली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा, ही त्यांची मागणी होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार झाला. या चळवळीत शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. त्यांत गिरणगावातील कामगारही होते. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे यांसारख्या पुढाऱ्यांनी भाषणे केली. परंतु ती चळवळ घराघरांत नेली ती शाहिरांनी. सभेत आधी शाहिरांचा कार्यक्रम होई आणि मग भाषणे होत. मुंबईत पोटासाठी आलेल्या आणि बायको गावाकडे राहिलेल्या कामगाराची व्यथा अण्णा भाऊंनी एका लावणीत मांडली. अमर शेख यांच्या आवाजात ती लावणी मैदाने भरून राहू लागली. प्रत्येक कामगाराला ती आपलीच कहाणी वाटे.

या सभांना हजारो, कधी लाखो माणसे जमत. तेथे माईक आवश्यकच असे. पण माईक लावला म्हणजे काम झाले, असे नाही. तो कोठे ठेवायचा, हेही कळावे लागते. समजा, माईक कर्ण्यांच्या समोर ठेवला. मग कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, आणि असा फिरत राहून कर्कश शिटी वाजू लागते. सभेत ही शिटी सर्वांनी ऐकलेली असते. म्हणून कर्णे नेहमी माईकच्या पुढे, लोकांच्या बाजूला तोंड करून लावतात. वक्ता किंवा गायक कर्ण्यांच्या मागे उभा राहतो.

शाहिरापुढे आणखी एक अडचण असते. गाणारा एक, झील धरणारे दोघे-तिघे, शिवाय डफ आणि ढोलकी. माईक मात्र पुष्कळदा एकच. डफ माईकजवळ वाजला तर शब्द बुडून जातात. पोवाड्यात शब्दच गेले, तर राहिले काय? म्हणून मुख्य शाहिराने माईकजवळ उभे राहायचे, झीलकऱ्यांनी एक पाऊल मागे आणि ढोलकीने त्याहून मागे. ज्याचा आवाज मोठा, त्याने दूर राहायचे आणि ज्याचे शब्द महत्त्वाचे, त्याने जवळ यायचे. तान वर चढली की गायकाने थोडे मागे सरायचे, नाहीतर आवाज फाटतो. हळू ओळ आली की पुन्हा पुढे यायचे. ही सारी किमया पायांची आहे. ती यंत्रात नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मुंबई त्याची राजधानी झाली. गोव्याच्या मुक्तीसाठी झालेल्या लढ्यातही अमर शेख यांनी आपल्या गीतांनी लोकांना जागे केले. १९६२ मध्ये चीनने आपल्या देशावर आक्रमण केले. तेव्हा अमर शेख यांनी गावोगाव कार्यक्रम करून संरक्षण निधीसाठी पैसे गोळा केले. सरकारशी भांडणारा हा शाहीर देशावर संकट येताच देशासाठी उभा राहिला.

अमर शेख हे केवळ गायक नव्हते. ते कवीही होते. अमरगीत हा त्यांचा गीतसंग्रह आणि पहिला बळी हे नाटक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. कलश आणि धरतीमाता हे त्यांचे कवितासंग्रह. आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियातील प्रसिद्ध कवी मायकोव्हस्की यांच्याशी केली होती. युगदीप आणि वख्त की आवाज या नियतकालिकांचे संपादनही त्यांनी केले. दुसऱ्या नियतकालिकाच्या नावातच आवाज हा शब्द आहे. तो काळाचा आवाज होता आणि अमर शेख यांना तोच लोकांपर्यंत पोहोचवायचा होता.

महात्मा फुले आणि प्रपंच या चित्रपटांत त्यांनी कामही केले. चित्रपटातील आवाजाची तऱ्हा मैदानापेक्षा अगदी निराळी. तेथे माईक प्रेक्षकांना दिसता कामा नये. म्हणून तो लांब काठीला बांधून नटाच्या डोक्यावर, चित्राच्या चौकटीबाहेर धरतात. मैदानातल्या माणसाला लाखो लोकांपर्यंत ओरडून पोहोचायचे असते. चित्रपटात मात्र हळू उच्चारलेला शब्दही पुरतो.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. त्याच्या केवळ सहा आठवडे आधी, १८ जुलैला, त्यांचे सोबती अण्णा भाऊ साठे वारले होते. एका पावसाळ्यात महाराष्ट्राने आपले दोन मोठे शाहीर गमावले.

अमर शेख यांच्या कविता पुस्तकांत आहेत. पण चाळींच्या अंगणात, गिरण्यांच्या फाटकांसमोर आणि मैदानांत त्यांनी जे गायले, त्यातील बहुतेक हवेत विरून गेले. आवाज टिपून ठेवणारे यंत्र तेव्हा महाग आणि जड होते. गरिबांच्या सभेत ते कोण आणणार? ज्यांनी तो आवाज कानांनी ऐकला, ती माणसेही आता फार थोडी उरली आहेत.

डिलाईल रोडही बदलला. १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. भोंगे थांबले. गिरण्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आल्या. बी. डी. डी. चाळींच्या जागीही नवे मनोरे उभारण्याचे काम हाती घेतले गेले. ज्या आजोबांनी मागावर काम केले आणि ज्या आजींनी गॅलरीत उभे राहून पोवाडे ऐकले, त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते कोणी टिपून ठेवले नाही, तर तेही हवेत विरेल.

आज मात्र प्रत्येकाच्या खिशात माईक आहे. मोबाईल फोनमध्ये आवाज टिपता येतो, चित्रफीत तयार करता येते. घरबसल्या पॉडकास्ट, म्हणजे ऐकण्याचा कार्यक्रम, जगभर पाठवता येतो. पण पुष्कळांची तक्रार असते, की चित्र छान आले, आवाज मात्र नीट येत नाही. याचे कारण बहुधा फोन वाईट असतो हे नसून, तो फार दूर ठेवलेला असतो हे असते. मैदानात जो नियम, तोच खोलीतही लागू आहे. फोन दोन हातांवर ठेवला की आजीच्या आवाजापेक्षा पंख्याचा आणि रस्त्यावरील गाड्यांचा आवाज मोठा वाटतो. तोच फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणला की शब्द स्पष्ट होतात आणि गोंगाट मागे पडतो.

वेगळा माईक घ्यायचा झाला, तर आधी खोली पाहावी आणि मग माईक निवडावा. डायनॅमिक नावाचा माईक दणकट असतो. तो जवळचा आवाज चांगला घेतो आणि दूरच्या गोंगाटाकडे कमी लक्ष देतो. रस्त्यालगतच्या खोलीत तो बरा; मात्र त्याच्या जवळ तोंड नेऊन बोलावे लागते. कंडेन्सर नावाचा माईक फार तीक्ष्ण कानाचा असतो. तो हलका श्वासही टिपतो, पण त्याबरोबर भांड्यांचा आवाज आणि शेजारचा दूरदर्शनही टिपतो. म्हणून तो शांत खोलीतच शोभतो. कॉलरला लावण्याचा लहान माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा आणि त्यावर ओढणी किंवा शालीचा पदर घासू देऊ नये. प, फ, भ ही अक्षरे उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो. तो माईकवर आपटून धप् असा आवाज येतो. म्हणून माईक तोंडासमोर अगदी सरळ न धरता थोडा बाजूला धरावा. खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतीवर चादर आणि जमिनीवर गोधडी टाकावी. मऊ कापड आवाज शोषून घेते. या गोष्टींना पैसे लागत नाहीत. थोडे लक्ष मात्र लागते.

माईक आवाज मोठा करतो, पण बोलण्यात अर्थ आणू शकत नाही. तो अर्थ अमर शेख यांच्याजवळ होता. मोटारीवरील क्लीनर, गिरणीतील मजूर, तुरुंगातील कैदी, या सर्वांचे जिणे त्यांनी पाहिले होते, आणि तेच त्यांच्या गाण्यात उतरले. म्हणून माईक नसलेल्या चाळीतही लोक शेवटच्या ओळीपर्यंत बसून राहत.

पुढच्या वेळी आजोबा जुन्या दिवसांची गोष्ट सांगू लागले, की पंखा बंद करावा, खिडकी लावून घ्यावी आणि फोन त्यांच्या अगदी जवळ ठेवावा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अमर शेख यांचे मूळ नाव काय होते?
(आ) लालबावटा कलापथकातील तीन शाहीर कोण?
(इ) कर्ण्यांच्या समोर माईक ठेवल्यास काय होते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) माईक नसतानाही दूर पोहोचणारा आवाज कामगारांच्या सभांना मोठा आधार का वाटे?
(आ) एकच माईक असताना शाहीर, झीलकरी आणि ढोलकी यांनी कसे उभे राहावे आणि का?
(इ) रस्त्यालगतच्या खोलीत कोणता माईक बरा? कारण सांगा.

३. शायर आणि शाहीर यांप्रमाणे उर्दूत आणि मराठीत थोड्या फरकाने येणारे पाच शब्द शोधून लिहा.

४. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या पहिल्या कामाविषयी विचारा. त्यांची परवानगी घेऊन त्यांचे बोलणे फोनवर टिपा. एकदा फोन दूर ठेवून आणि एकदा वीतभर अंतरावर ठेवून पाहा. दोन्हींतील फरक वर्गात ऐकवा.